मानवतचा अर्धा तास

सव्वाचार कोटी रुपये. सार्वजनिक प्रसारणासाठी केंद्राच्या तिजोरीतून वर्षाला जो पैसा निघतो, त्यात परभणी जिल्ह्याचा डोईवार वाटा काढला तर तो एवढा येतो. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात प्रसार भारतीला, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन या दोघांना मिळून, अनुदान म्हणून सुमारे २,८०८ कोटी रुपये ठेवले होते. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटींच्या थोडी वर होती, परभणी जिल्ह्याची १८ लाख ३६ हजार ८६. भागाकार केला की माणशी वर्षाला २३ रुपये येतात. नऊ तालुक्यांच्या जिल्ह्याचे झाले ४ कोटी २६ लाख.

२३ रुपये म्हणजे मानवतच्या बसस्थानकासमोर दोन कप चहा, वर थोडी चिल्लर.

या पैशांत एक वाहिनी उभी राहील का? प्रश्न भाबडा वाटेल, पण तो विचारल्याशिवाय सार्वजनिक वाहिनीचे अर्थकारण कळत नाही. नवी वाहिनी निघते तेव्हा आपल्यापर्यंत बातमी पोचते ती उद्घाटनाची. फीत कोणी कापली, पहिल्या दिवशी पडद्यावर कोण दिसले, एवढेच कळते. पुढच्या ३६४ दिवसांचे काय, हे अंदाजपत्रकाच्या मागच्या पानांत राहते.

मानवत आणि पडदा यांचे नाते जरा विचित्रच आहे. १९७२ साली तीन गोष्टी घडल्या. १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. आणि दुष्काळाच्या त्याच वर्षाच्या अखेरीस मानवतच्या शिवारात त्या हत्यांची मालिका सुरू झाली, ज्यांनी गावाचे नाव महाराष्ट्रभर पोचवले. मुंबई केंद्राने कृषी विद्यापीठाला अधूनमधून विचारले असेल. मानवतचा कापूस, तिथली बाजार समिती, रेल्वे स्टेशन गावापासून लांब असल्याने होणारी पायपीट, हे मात्र कोणाच्या वेळापत्रकात आले नाही. बावन्न वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गावाच्या नावाची मालिका एका खासगी ओटीटीवर आली. तिचा विषय त्या हत्या हाच होता. यात निर्मात्यांचा दोष नाही. खासगी पैसा जिथे गिऱ्हाईक आहे तिथे जाणार. रोजचे मानवत दाखवणे हे ज्यांचे काम, त्यांच्याकडे पैसा किती होता आणि तो कशावर गेला, एवढेच इथे पाहायचे आहे.

भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. युनेस्कोचे २० हजार डॉलर, थोडेसे देणगीदाखल मिळालेले संच, चाळीसेक किलोमीटरचा पल्ला आणि आठवड्यातून दोनदा एकेक तास. म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास तास. आज हसू येते, पण नियोजन म्हणून ते प्रामाणिक होते. जेवढे तास भरता येतील तेवढेच जाहीर केले होते. त्या सुरुवातीच्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडे होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषिदर्शन’ सुरू झाले तेही दिल्लीभोवतालच्या निवडक ८० गावांसाठीच. आधी गावे मोजली, मग कार्यक्रम ठरला.

१९७५ मध्ये गणित बदलले. अमेरिकेच्या नासाकडून एका वर्षासाठी उसना घेतलेला उपग्रह, सहा राज्यांतली २,४०० गावे आणि रोज चार तासांचे कार्यक्रम, असा तो ‘साइट’ नावाचा प्रयोग होता. कर्नाटकातले रायचूर, गुलबर्गा आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र नव्हता. १९४८ पर्यंत परभणी, रायचूर आणि गुलबर्गा हे तिन्ही जिल्हे निजामाच्या एकाच राज्यात होते. राज्यांची सीमारेषा पुढे कुठून गेली, त्यावर कोणाच्या चावडीत टीव्ही येणार हे ठरले.

त्याच वर्षी गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक किलोवॉटचा प्रक्षेपक बसला. पल्ल्यात सुमारे ४०० गावे. तिथे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रातली माणसे गावोगाव जाऊन गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभे करत. सावकारी, मजुरी, अस्पृश्यता असे विषय गुजरातीत, तेही तिथल्या बोलीत, संध्याकाळी दिसत. १९८४ साली या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा पीजचा मनोरा, कारण एका जिल्ह्यापुरती सार्वजनिक दूरचित्रवाणी आपल्याकडे चालली याचा तो पुरावा आहे. दुर्दैवाने देशाने पीजचा किलोवॉट उचलला आणि माणसे तिथेच सोडली. १९८४ मध्ये काही महिने दिवसाला एक या वेगाने लघुशक्तीची सहक्षेपण केंद्रे उभी राहिली. ‘सहक्षेपण’ हा शब्दच सारे सांगून जातो. दिल्ली जे बोलेल ते पुढे पाठवायचे. स्थानिक माणसाने त्या केंद्रात शिरायचे ते फक्त वॉचमन किंवा तंत्रज्ञ म्हणून.

मराठवाड्यात म्हैसमाळ आणि अंबाजोगाई इथे मोठे मनोरे आले. अंबाजोगाई ते मानवत हे अंतर नकाशावर सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे पल्ल्याच्या काठावर. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा, खाली दुसऱ्याने ‘आता आलं, आता मुंग्या’ म्हणून ओरडायचे, ही त्या काळातली खरी प्रसारणसेवा.

मग मराठी वाहिनी आली. १५ ऑगस्ट १९९४ ला दूरदर्शनची उपग्रहावरून दिसणारी मराठी वाहिनी सुरू झाली, तिचे नाव होते डीडी-१०. बरोबर पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९९ ला, अल्फा टीव्ही मराठी ही खासगी वाहिनी आली. जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी. या दोन तारखांच्या मधे, ५ एप्रिल २००० ला, डीडी-१० चे बारसे होऊन ती ‘सह्याद्री’ झाली. पाच वर्षे मराठीचे आकाश मोकळे होते आणि तेव्हा सरकारी वाहिनीला नावाऐवजी क्रमांक होता. स्पर्धा दारात आल्यावर नाव सुचले. नाव चांगले आहे, तक्रार नाही. पण सह्याद्री ज्याच्या पाठीशी आहे तो मुलूख वेगळा, आणि बालाघाटच्या डोंगररांगेकडे बघणारा मुलूख वेगळा, हे परभणीच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळले असणार.

आता खर्चाकडे येऊ. वाहिनीचा खर्च तासांत मोजायचा असतो. वर्षाचे तास ८,७६०. परवाने, उपग्रहावरची जागा, उपकरणे, हे सारे त्या मानाने सोपे. खासगी वाहिनीला आज सरकारकडे भरावे लागणारे वार्षिक शुल्क पाहा. उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवण्यासाठी दोन लाख, देशात उतरवण्यासाठी पाच लाख. कंपनीचे निव्वळ मूल्य मनोरंजन वाहिनीला किमान पाच कोटी आणि वृत्तवाहिनीला २० कोटी लागते, पण तो खर्च नव्हे, ती ऐपत. चित्र दाबून पाठवण्याचे तंत्र इतके सुधारले आहे, की सरकारने शिक्षणासाठीच्या ‘पीएम ई-विद्या’ वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात सहज केली. वाहिन्यांची संख्या वाढवणे हे आता दुकानाला पाट्या लावण्याइतके सोपे काम आहे. शेल्फवर माल काय ठेवायचा, अडचण तिथे येते.

समजा, एका तासाचा साधा, स्टुडिओबाहेर जाऊन केलेला, गाडीभाडे, कॅमेरा, संकलन आणि चार माणसांच्या मानधनासह कार्यक्रम दोन लाखांत होतो. हा आकडा मी धरलेला आहे, कोणत्या सरकारी दरपत्रकातला नाही. मालिकावाले त्याला हसतील, यूट्यूबवाले तो उधळपट्टी ठरवतील. म्हणजे मधला म्हणायला हरकत नाही. चोवीस तास नवे दाखवणारी वाहिनी जगात क्वचितच. रोज चार तास ताजे आणि बाकी पुनःप्रक्षेपण, एवढे धरले तरी वर्षाला १,४६० तास होतात. त्यांचे २९ कोटी २० लाख. परभणीचा वाटा ४ कोटी २६ लाख, म्हणजे सातव्या हिश्श्याच्या आसपास. जिल्ह्याची वाहिनी हा विषय इथेच मिटतो.

आठ जिल्ह्यांचा मराठवाडा घेतला तर? २०११ ची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख ३१ हजार ८७२. वाटा येतो ४३ कोटींच्या वर. कागदावर वाहिनी बसते, तंत्रज्ञांच्या पगारालाही काही उरते. इथे वाचकाने लगेच ठराव मंजूर करून दिल्लीला पाठवू नये, कारण या ४३ कोटींत एक मेख आहे.

मेख समजून घ्यायला ‘डीडी किसान’चे उदाहरण बरे. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनी जाहीर झाली, तरतूद १०० कोटींची. २६ मे २०१५ ला ती सुरू झाली, चोवीस तासांची. १०० कोटी भागिले ८,७६० तास म्हणजे तासाला एक लाख १४ हजार. दुसऱ्या बाजूने पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख, मिळून २६ कोटी ३१ लाख. माणशी तरतूद ३ रुपये ८० पैसे. तीही एकदाची. आणि भाषा हिंदी. मानवतच्या शेतकऱ्याला हिंदी कळत नाही असे कोणी म्हणणार नाही, निजामाच्या मुलखात ती अडचण कधीच नव्हती. पण गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे एकरी किती लावायचे, हे काळ्या कापूसजमिनीच्या माणसाने त्याच जमिनीच्या माणसाकडून ऐकायचे असते. पंजाबच्या गव्हाचा कार्यक्रम तो बघेल, पण जेवताजेवता. मे २०२४ मध्ये या वाहिनीने दोन कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक आणले आणि ते पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगितले. निवेदक कधीच कमी नव्हते. शेतात जाऊन मजकूर आणणारी माणसे कमी आहेत, आणि त्यांना भत्ता द्यावा लागतो.

मेख हीच, भत्त्याची आणि पगाराची. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडले. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. ते मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे, आपल्याच मातीतले न्यायमूर्ती. मालमत्ता सार्वजनिक ठरली, पण तिच्या मशागतीचा खर्च कोणी द्यायचा? कायद्याच्या १७ व्या कलमात उत्तर आहे. रेडिओ-टीव्ही संचांच्या परवाना शुल्काची रक्कम, ‘असल्यास’, वसुलीखर्च वजा करून महामंडळाला द्यावी. शिवाय सरकारला योग्य वाटेल तेवढी इतर रक्कम. त्या ‘असल्यास’ची गंमत अशी की पोस्टात जाऊन रेडिओचे पंधरा आणि टीव्हीचे पन्नास रुपये भरायची ती पद्धत १९८५ च्या सुमारास बंदच झाली होती. म्हणजे कायदा झाला तेव्हा उत्पन्नाचा पहिला झरा आटून पाच वर्षे लोटली होती. शिल्लक राहिली ती सरकारला योग्य वाटणारी रक्कम.

२०१२ मध्ये केंद्राने ठरवले की पगार आणि पगाराशी निगडित सारा खर्च पाच वर्षे सरकार उचलेल आणि बाकी चालवण्याचा खर्च प्रसार भारतीने आपल्या कमाईतून करावा. धोरणाचा साचा तिथे ठरला. अनुदान मुख्यतः पगारासाठी, कार्यक्रम जाहिरातीच्या उत्पन्नातून. वाचायला हे रास्त वाटते. परिणाम मात्र असा होतो की मानवतच्या नावाचे २३ रुपये कोणाच्या तरी वेतनश्रेणीत आधीच वाटले गेलेले असतात, आणि कार्यक्रमासाठी लागणारे पैसे जाहिरातदाराकडून आणायचे. जाहिरातदार मानवतसाठी का देईल? सार्वजनिक वाहिनीची गरजच मुळी जिथे जाहिरातदार येत नाही तिथे असते.

कमाई होत नाही असे नाही. २००४ च्या डिसेंबरात ३३ वाहिन्या घेऊन सुरू झालेली दूरदर्शनची मोफत थाळी, आताची फ्री डिश, चार-साडेचार कोटी घरांच्या छपरांवर आहे. महिन्याचे शुल्क नाही. त्यामुळे खासगी वाहिन्यांना तिच्यावर जागा हवी असते आणि त्या जागांचा लिलाव होतो. २०२३ च्या लिलावात वर्षभरासाठी सुमारे १,०७० कोटी रुपये आले. हा पैसा कुठून आला ते पाहा. गरीब घरे मोफत थाळी लावतात, म्हणून जाहिरातदार त्यांच्याकडे बघतो, म्हणून खासगी वाहिनी जागेला बोली लावते. परभणीच्या छपरावरची थाळीही त्या बोलीत मोजलेली आहे. लोकसंख्येच्या हिशेबाने या लिलावात परभणीचा वाटा १ कोटी ६२ लाख निघतो. तेवढे पैसे परभणीच्या कार्यक्रमांवर खर्च व्हावेत असा कोणताही नियम नाही.

केबलवाल्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. दूरसंचार नियामकाच्या २०२० च्या आदेशाने २०० मोफत वाहिन्यांच्या जोडणीसाठी महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये, वर कर, अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये तीही उठली. १३० गुणिले १२ म्हणजे १,५६० रुपये वर्षाला, फक्त तारेचे. तुलनेला पाहा, १९८५ चे पन्नास रुपये आज शंभर केले आणि २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशातल्या २१ कोटी टीव्ही असलेल्या घरांकडून घेतले तर २,१०० कोटी जमतात, अनुदानाच्या तीन चतुर्थांश. महिन्याला आठ-नऊ रुपये. पण हा प्रस्ताव संसदेत मांडणारा खासदार पुन्हा निवडून येणार नाही, हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही. तारेसाठी १,५६० देताना जीभ अडखळत नाही, कार्यक्रमासाठी १०० देताना अडखळते.

ब्रिटनमध्ये हे शुल्क अजून आहे, एप्रिल २०२४ मध्ये ते घरटी १६९ पाउंड ५० पेन्स झाले होते. बीबीसीला २०२३-२४ मध्ये त्यातून सुमारे ३६६ कोटी पाउंड मिळाले. पाउंडाला १०५ रुपये धरले तर माणशी साडेपाच हजारांच्या वर. आपले २३. अडीचशे पटींच्या जवळपासचा फरक. त्यांचे दरडोई उत्पन्न आपल्या वीसपट आहे हे वजा केले तरी बारापट उरतोच. त्याहून बोलके उदाहरण वेल्सचे. वेल्श बोलणारे २०२१ च्या जनगणनेत ५ लाख ३८ हजार, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून कमी. त्यांच्या भाषेच्या वाहिनीला, एस-फोर-सीला, २०२२ पासून वर्षाला ८ कोटी ८८ लाख पाउंड मिळू लागले, ९३० कोटी रुपये. बोलणाऱ्या माणशी १७ हजारांच्या वर. हे त्यांना कोणी खुशीने दिले नाही. सरकारने निवडणुकीत दिलेला शब्द फिरवला तेव्हा, १९८० साली, ग्विनफर इव्हान्स या नेत्याने आमरण उपोषण जाहीर केले. सरकारने माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ ला वाहिनी सुरू झाली. मराठी बोलणारे २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख. वेल्सच्या दराने मराठीला मागायचे तर १ लाख ४४ हजार कोटी मागावे लागतील, तेव्हा तो नाद सोडू. पण आपल्याकडे वाहिनीसाठी कोणी जेवण सोडल्याचे ऐकिवात नाही. आपण पाण्यासाठी उपोषण करतो, पीकविम्यासाठी करतो. प्रसारण हा हक्क आहे, हे मराठवाड्याच्या मागणीपत्रकांत बहुधा शेवटच्या पानावरही नसते. अनुशेष मोजणाऱ्यांनी सिंचनाचा मोजला, रस्त्यांचा मोजला, पडद्यावरच्या मिनिटांचा मोजला नाही.

मग राज्य सरकारने वाहिनी काढावी, असे कोणी म्हणेल. घटनेच्या सातव्या अनुसूचीत प्रसारण केंद्राच्या यादीत आहे, ३१ व्या नोंदीत, डाक-तारेच्या पंगतीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने सूचनाच काढली की राज्य सरकारांनी आणि त्यांच्या संस्थांनी यापुढे थेट प्रसारणात उतरू नये, आणि जे आहे ते प्रसार भारतीमार्फत करावे. केरळची ‘व्हिक्टर्स’ आणि तमिळनाडूची ‘कल्वी’ या शैक्षणिक वाहिन्या त्यामुळे पेचात आल्या. नगरपालिकेने वाहिनी काढण्याचा तर प्रश्नच नाही. सामुदायिक रेडिओला परवानगी आहे, शंभर वॉटपर्यंत, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. माणदेशात म्हसवडला असे केंद्र चाललेच आहे. सामुदायिक दूरचित्रवाणीला धोरणच नाही.

तेव्हा वाहिनी राहू द्या. पूर्ण बैल परवडत नसेल तर वाट्याने औत करावे, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. रोजचा अर्धा तास मागितला तर काय होते? दिवसाला एक लाख, वर्षाचे ३ कोटी ६५ लाख. परभणीचा वाटा ४ कोटी २६ लाख. बसते, आणि ६१ लाख उरतात.

ही कल्पना माझी नाही, सरकारने ती करून पाहिलेली आहे. २००४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीविस्तारासाठी प्रसारमाध्यमांची योजना आणली. त्यात दूरदर्शनचे १८ प्रादेशिक केंद्रांचे जाळे होते, आकाशवाणीची ९६ एफएम केंद्रे होती, आणि मुख्य म्हणजे १८० लहानमोठे प्रक्षेपक होते, ज्यांच्यावरून त्या-त्या परिसरापुरता अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम दाखवला जाई. पीजची कल्पना तीस वर्षांनी, थोडी सरकारी होऊन, परत आली होती. मनोऱ्याचा पल्ला लहान, म्हणून कार्यक्रमही तेवढ्याच मुलखाचा. जे तंत्राचे वैगुण्य होते तेच इथे गुण ठरत होते.

आणि मग मनोरेच गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे वेळापत्रक जाहीर केले. मार्च २०२२ पर्यंत मोजके पन्नासेक सोडता सारे बंद व्हायचे होते. वर्षाला सुमारे १०० कोटी वाचतील असा अंदाज होता. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. छपरावरचे अँटेने केव्हाच भंगारात गेले होते, वीजबिल मात्र चालू होते. पण उपग्रहाला तालुका दिसत नाही. तो सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत एकच चित्र टाकतो. मनोऱ्याबरोबर गेला तो पल्ला, ज्याच्या आत मानवतचा कार्यक्रम मानवतलाच दिसण्याची सोय होती. वाचलेल्या १०० कोटींत परभणीचा वाटा १५ लाख. ते पंधरा लाख परभणीत परत आले असते तर पंधरा दिवसांचे अर्धे तास झाले असते.

पुढची मोठी गुंतवणूक जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाली, २०२५-२६ पर्यंतचे २,५३९ कोटी ६१ लाख. त्यात एफएमचा पल्ला लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेणे, फ्री डिशची क्षमता ११६ वाहिन्यांवरून अडीचशेच्या घरात नेणे, आठ लाख संच दुर्गम भागात फुकट वाटणे आले. कार्यक्रमनिर्मितीचाही उल्लेख आहे. पण योजनेच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ आणि ‘जाळे’ हेच शब्द आहेत. यंत्रावरचा खर्च लेखापरीक्षकाला दाखवता येतो, त्याला जडवस्तू नोंदवही असते. सोनपेठला जाऊन दिवसभर थांबून आणलेल्या बारा मिनिटांची नोंद कुठल्या वहीत करणार?

अर्धा तास रोज, तर वर्षाचे १८२ तास ३० मिनिटे. एवढे करणारी माणसे मिळतील का, ही शंका येते. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ आली होती. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने केलेली, पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे ६० भाग, पंचवीस मिनिटांचे. ४८० गुणिले २५, बरोबर २०० तास. एका हंगामात, साथ चालू असताना, महाराष्ट्रातल्या एका संस्थेने केलेले. सह्याद्रीने जागा दिली होती. परभणीकडे तर १९६८ पासून आकाशवाणी केंद्र आहे, १३०५ किलोहर्ट्झवर, आणि त्याच्याकडे या भागाची बोली कानाने ओळखणारी माणसे आहेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, जिथे १८ मेच्या खरीप मेळाव्याला आणि १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्याला हजारो शेतकरी येतात. मजकूर गावात पडून आहे. तो उचलणाऱ्या गाडीचे डिझेल कोणत्या लेखाशीर्षाखाली घालायचे, एवढाच प्रश्न राहतो.

वेळापत्रकही करून बघितले. सोमवारी मानवत आणि सेलूच्या बाजार समित्या, कापसाची आवक आणि मिळालेला भाव, हमीभावाच्या शेजारी ठेवून. मंगळवारी विद्यापीठातला एक शास्त्रज्ञ आणि त्याचे न ऐकलेला एक शेतकरी, समोरासमोर. बुधवारी जिंतूर आणि पालमच्या शाळा. गुरुवारी गोदाकाठ, म्हणजे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा. शुक्रवारी नगरपालिकांच्या सभा, न कापता. शनिवारी गावातले गाणारे, भारूडवाले, कव्वाल. रविवारी आठवड्यातले काहीतरी पुन्हा दाखवायचे. त्याने वर्षाचे ५२ लाख वाचतात आणि आधी उरलेले ६१ मिळवले तर एक कोटी १३ लाख होतात. तेवढ्यात परभणीचे लोक अजून ११३ दिवस, रोज आणखी अर्धा तास, मागू शकतील.